संगणक विषाणू व हेर-आज्ञावली यांपासून संरक्षण

संगणक विषाणू व हेर-आज्ञावली यांपासून संरक्षण : व्यक्तिगत संगणकात धारकाच्या संमतीवाचून शिरून त्यातील माहितीचा नाश, विपर्यास वा अपहार करणाऱ्या आज्ञावलींना प्रतिबंध करणे, त्या शिरल्याच तर त्यांचा शोध घेऊन त्या काढून टाकणे आणि झालेली हानी भरून काढणे, या उपायांचा समावेश या विषयात होतो. अशा सर्व आज्ञावलींना एकत्रितपणे अपायकारक आज्ञावली किंवा मॅलवेअर असे म्हणतात. व्यवहारात मात्र या सर्वांनाच सरसकट ‘व्हायरस’ म्हणण्याचा प्रघात आहे. [⟶ संगणक].

प्रकार : संगणक विषाणू ही स्वतःच्या प्रती निर्माण करणारी आज्ञावली होय. सजीवांमधील विषाणू ज्याप्रमाणे पोशिंद्या कोशिकेशिवाय वाढू शकत नाही, त्याप्रमाणे संगणक विषाणूही दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीला, दस्तऐवजाला किंवा तबकडीच्या आरंभ-विभागाला चिकटून राहतो आणि ती आज्ञावली चालविली गेली म्हणजे कार्यान्वित होतो. कृमी या प्रकारास असा पोशिंदा लागत नाही. तो संगणकांच्या जाळ्यातून आपण होऊन पसरतो. ट्रोजन ही वरकरणी उपयुक्त भासणारी, पण आत अपायकारक भाग दडविलेली आज्ञावली असून ग्रीक पुराणकथेतील ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून तिला हे नाव पडले आहे. हेर-आज्ञावली संगणकाचे काम बंद पाडीत नाही. उलट, आपले अस्तित्व कळू नये अशी दक्षता घेऊन ती कळफलकावर दाबलेल्या कळा, पडद्यावरील दृश्ये, संकेतशब्द व बँक खात्यांचा तपशील टिपते आणि तो दूरस्थ व्यक्तीकडे पाठविते. खंडणीखोर आज्ञावली संगणकातील दस्तऐवज कूटबद्ध करून ठेवते व ते पुन्हा वाचनीय करण्यासाठी पैशाची मागणी करते. यांपैकी एकाच आज्ञावलीत अनेक प्रकारांचे गुणधर्म एकत्र आढळणे ही आता सामान्य गोष्ट झाली आहे.

इतिहास : स्वतःची प्रतिकृती निर्माण करू शकणाऱ्या यंत्रणेची सैद्धांतिक मांडणी जॉन फोन नॉयमान या गणितज्ञांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केली होती. १९७१ मध्ये आर्पानेट या संगणक-जाळ्यावर ‘क्रीपर’ ही एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारी आज्ञावली प्रायोगिक स्वरूपात सोडण्यात आली व तिचा माग काढून ती नष्ट करण्यासाठी ‘रीपर’ ही दुसरी आज्ञावली तयार झाली. फ्रेड कोएन यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात अशा आज्ञावलीचे प्रात्यक्षिक दाखविले. तिला ‘विषाणू’ हे नाव त्यांचे अध्यापक लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. एखादी आज्ञावली विषाणू आहे की नाही हे सर्व बाबतींत अचूकपणे ठरविणारी रीत असू शकत नाही, हेही कोएन यांनी दाखवून दिले. विषाणूरोधक साधनांच्या मर्यादा समजण्यास हा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे.

आय्‌बीएम प्रकारच्या व्यक्तिगत संगणकांवरील पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथे दोन बंधूंनी तयार केला. तो फ्लॉपी तबकडीच्या आरंभ-विभागात राहत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या मॉरिस कृमीने हजारो संगणक ठप्प केले. २६ एप्रिल १९९९ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘सीआयएच’ ऊर्फ चेर्नोबिल विषाणूने तबकडीवरील माहिती पुसण्याबरोबरच संगणक सुरू करणारी मूलभूत आज्ञावलीही नष्ट केली. त्याचा तडाखा आशियातील अनेक देशांना बसला. ‘मेलिसा’ (१९९९) व ‘आय लव्ह यू’ (२०००) हे ई-पत्रांतून पसरले. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कृमीने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, ती बुजविणारी सुधारणा विंडोजच्या निर्मात्यांनी त्यापूर्वी दोन महिने, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली होती, त्यांचे संगणक या मार्गाने होणाऱ्या संसर्गापासून बचावले.

महाराष्ट्रातील घटना : २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीमुळे रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका खाजगी धक्क्यावरील मालपेट्यांची चढ-उतार बंद पडली. हा धक्का चालविणाऱ्या डॅनिश नौवहन कंपनीची जगभरची संगणक-यंत्रणा निकामी झाल्याचा हा परिणाम होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे येथील कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत अपायकारक आज्ञावली घुसवून सुमारे ९४ कोटी रुपयांचा अपहार करण्यात आला. रोख रक्कम देणाऱ्या यंत्रांकडून येणारी मागणी बँकेच्या मूळ यंत्रणेकडे न जाता बनावट मध्यस्थ यंत्रणेकडून मंजूर व्हावी, अशी योजना त्यात केलेली होती. बनावट कार्डांच्या साहाय्याने भारतात व परदेशांत अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी रकमा काढण्यात आल्या. या दोन्ही घटनांवरून, दूर कोठेतरी एका संगणकात झालेला संसर्ग हजारो लोकांच्या व्यवहारांस कसा बाधक ठरतो, ते स्पष्ट होते.

विषाणूरोधक आज्ञावलींच्या निर्मितीतही महाराष्ट्राचा वाटा आहे. पुणे येथे संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० नंतरच्या दशकात, दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत वारंवार आढळणाऱ्या विषाणूंवर उपाय म्हणून ‘क्विक हील’ ही आज्ञावली तयार केली. त्यांच्या संस्थेने २००७ मध्ये तेच नाव धारण केले.

जालना जिल्ह्यातील संदर्भ : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून व परभणी जिल्ह्याच्या परतूर भागातून निर्माण झालेल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. १९.५९ लाख असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. बी-बियाणे, पोलाद व मोसंबी यांसाठी जिल्ह्याची ख्याती आहे. जालना तालुक्यातील दरेगाव येथे जवाहरलाल नेहरू बंदराशी निगडित अशा ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. बंदरातील संगणकांच्या सुरक्षिततेशी येथील मालवाहतुकीचाही संबंध येतो, तो या कारणाने.

जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचा संगणकाशी येणारा संबंध मात्र स्वतःच्या यंत्रामार्फत नसून गावातील आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, ग्रामपंचायत, शाळा किंवा अडत दुकान येथील यंत्रामार्फत येतो. सातबारा उतारा, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा या कामांसाठी आधार क्रमांक, बँक पुस्तकाची प्रत, छायाचित्र व भ्रमणध्वनी क्रमांक या यंत्रावर दिले जातात. त्यामुळे अशा एका संगणकात शिरलेली हेर-आज्ञावली एका कुटुंबाची नव्हे, तर सबंध गावाची माहिती बाहेर नेऊ शकते. खरीप पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलै महिन्याच्या अखेरीस संपते. त्या दिवसांत केंद्रातील यंत्र विषाणूने बंद पडल्यास होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते मर्यादित राहत नाही. ज्यांचे अर्ज राहून जातात, त्यांना त्या हंगामात पिकाच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या संगणकाचे महत्त्व याहून वेगळे आहे. वित्त आयोगाच्या अनुदानातून करावयाची देयके सरपंच व ग्रामसेवक यांच्या अंकीय स्वाक्षरीने अदा होतात. ही स्वाक्षरी पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका छोट्या साधनात साठविलेली असते. दूरनियंत्रण करणारी आज्ञावली संगणकात असताना हे साधन यंत्राला लावून ठेवल्यास व त्याचा गुप्तांक कळा टिपणाऱ्या आज्ञावलीच्या हाती लागल्यास, धारकाच्या नावे परस्पर स्वाक्षरी होण्याचा धोका संभवतो. म्हणून काम संपताच ते साधन काढून कुलपात ठेवणे, ते दुसऱ्याच्या स्वाधीन न करणे व गुप्तांक कागदावर लिहून यंत्राला चिकटवून न ठेवणे, हे नियम पाळणे अगत्याचे ठरते.

प्रसाराचे मार्ग : संसर्गाचे मार्ग मुख्यत्वे पाच आहेत. (१) पेन ड्राइव्ह व स्मृतिपत्रे : छपाईसाठी येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह अनेक यंत्रांना लावला गेलेला असतो. पूर्वी विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप चालत असे; नंतरच्या आवृत्त्यांत ही सोय बंद करण्यात आली. तथापि खऱ्या संचिका लपवून त्यांच्या जागी त्याच नावाची बनावट चिन्हे ठेवणारे विषाणू अद्याप आढळतात. (२) ई-पत्रे व संदेश यांची जोडपत्रे : देयक, न्यायालयाची नोटीस, अनुदानाची यादी अशा नावांनी ती येतात. (३) चोरट्या प्रती : विंडोज, हिशेबाच्या आज्ञावली किंवा मराठी टंक यांच्या परवान्याविना वापरल्या जाणाऱ्या प्रती चालू करण्यासाठी जे ‘क्रॅक’ वापरतात, त्यांत पुष्कळदा ट्रोजन दडलेला असतो. तो चालविण्यासाठी विषाणूरोधक आज्ञावली बंद करण्याची सूचना केलेली असते आणि वापरणारा ती स्वतःच्या हाताने बंद करतो. (४) बनावट संकेतस्थळे : शासकीय योजनेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ती उभारली जातात. (५) दूरनियंत्रण : बँकेचा किंवा संगणक कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे भासवून दूरध्वनीवरून एखादी आज्ञावली बसविण्यास सांगितले जाते व तिच्याद्वारे संगणकाचा ताबा घेतला जातो.

विषाणूरोधक आज्ञावलींचे कार्य : या आज्ञावली तीन पद्धतींनी काम करतात. पहिल्या पद्धतीत ज्ञात विषाणूंच्या विशिष्ट संकेत-खुणांची सूची बाळगून प्रत्येक संचिका तिच्याशी ताडून पाहिली जाते. ही पद्धत जलद व अचूक असली, तरी सूचीत नसलेला नवा विषाणू तिला ओळखता येत नाही; शिवाय प्रत्येक प्रतीगणिक आपले रूप पालटणारे विषाणूही असतात. दुसऱ्या पद्धतीत संचिकेच्या रचनेतील संशयास्पद लक्षणांवरून अनुमान केले जाते. तिसऱ्या पद्धतीत आज्ञावली प्रत्यक्ष काय करते यावर नजर ठेवली जाते, उदा., एखादी आज्ञावली थोड्या अवधीत शेकडो दस्तऐवज कूटबद्ध करू लागली, तर तिला रोखले जाते. शेवटच्या दोन पद्धतींत निरुपद्रवी आज्ञावलीवर चुकून संशय येण्याची शक्यता असते. सूची शिळी झाल्यास पहिल्या पद्धतीची उपयुक्तता झपाट्याने घटते. म्हणून वर्गणी संपलेली व अद्ययावत न होणारी विषाणूरोधक आज्ञावली असणे म्हणजे संरक्षणाचा केवळ आभास होय. विंडोजच्या ८ व्या व त्यानंतरच्या आवृत्त्यांत अशी आज्ञावली अंतर्भूत असून तिला वेगळे मूल्य पडत नाही. कायम पहारा देणाऱ्या दोन विषाणूरोधक आज्ञावली एकाच यंत्रावर चालविल्यास त्या परस्परांस अडथळा आणतात व संगणक मंद होतो.

प्रतिबंधक उपाय : (१) कार्यचालन प्रणाली व न्याहाळक यांच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा मिळणे बंद झाले; विंडोज १० साठी त्यानंतर नोंदणी करणाऱ्यांपुरती मर्यादित मुदतवाढ ठेवण्यात आली. जुने यंत्र नव्या आवृत्तीस पेलत नसेल, तर लिनक्सवर आधारित विनामूल्य प्रणालीचा पर्याय उपलब्ध असतो. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही तशी भारतीय प्रणाली होय. (२) दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. प्रशासकाचे खाते केवळ नवीन आज्ञावली बसविण्यासाठी राखून ठेवावे. मर्यादित खात्यात शिरलेल्या आज्ञावलीला सबंध यंत्राचा ताबा मिळविणे अवघड जाते. (३) पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी त्याची तपासणी करावी. संचिकेच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे छायाचित्र किंवा दस्तऐवज भासणारी, पण प्रत्यक्षात आज्ञावली असलेली संचिका ओळखता येते. (४) दस्तऐवज उघडताना ‘मॅक्रो’ चालू करण्याची विनंती आल्यास ती नाकारावी. (५) प्रत्येक सेवेसाठी वेगळा व लांब संकेतशब्द ठेवावा आणि जेथे शक्य असेल तेथे दुहेरी पडताळणी वापरावी. सामायिक यंत्रावर न्याहाळकात संकेतशब्द साठवू नयेत. (६) फायरवॉल चालू ठेवावी. तिच्यामुळे बाहेरून आपण होऊन येणाऱ्या जोडण्या अडविल्या जातात. (७) नागरिकांची कागदपत्रे काम संपल्यावर यंत्रावर ठेवू नयेत. जी माहिती यंत्रात नाही, ती चोरीस जाऊ शकत नाही.

या सर्वांहून महत्त्वाचा उपाय म्हणजे माहितीच्या राखीव प्रती. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, असा सर्वसामान्य संकेत आहे. राखीव तबकडी कायम यंत्रास जोडून ठेवल्यास खंडणीखोर आज्ञावली तिच्यावरील माहितीही कूटबद्ध करते. म्हणून प्रत घेऊन झाल्यावर ती तबकडी अलग करावी. अधूनमधून राखीव प्रतीतून एखादी संचिका प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी, कारण वाचता न येणारी प्रत ऐनवेळी निरुपयोगी ठरते.

संसर्गाची लक्षणे व कार्यवाही : संगणक अकारण मंद होणे, न्याहाळकाचे आरंभपृष्ठ आपोआप बदलणे, जाहिराती उमटणे, विषाणूरोधक आज्ञावली आपोआप बंद पडणे, संचिकांची नावे पालटणे, न पाठविलेले संदेश आपल्या नावे इतरांस मिळणे, ही संसर्गाची नेहमीची लक्षणे होत. हेर-आज्ञावलीच्या बाबतीत यांपैकी एकही लक्षण न दिसण्याचा संभव असतो.

संसर्गाचा संशय येताच प्रथम यंत्राची इंटरनेट व स्थानिक जाळे यांची जोडणी तोडावी. त्यामुळे माहितीची गळती व इतर यंत्रांकडे होणारा प्रसार थांबतो. त्यानंतर दुसऱ्या, निर्दोष असलेल्या यंत्रावरून संकेतशब्द बदलावेत. बाधित यंत्रावरून ते बदलल्यास नवे संकेतशब्दही हेर-आज्ञावलीच्या हाती लागतात. अंकीय स्वाक्षरीचा दुरुपयोग झाल्याचा संशय असल्यास ती देणाऱ्या संस्थेस कळवून रद्द करून घ्यावी. पुरावा म्हणून पडद्यावरील संदेशांची छायाचित्रे व वेळांची नोंद ठेवावी. त्यानंतर यंत्राची पूर्ण तपासणी करावी. संसर्ग खोल असल्यास तबकडी पुसून कार्यचालन प्रणाली नव्याने बसविणे व तपासलेल्या राखीव प्रतीतून माहिती परत घेणे, हाच खात्रीचा मार्ग होय. खंडणी दिल्याने माहिती परत मिळेलच अशी शाश्वती नसते. काही खंडणीखोर आज्ञावलींवरील उतारे युरोपीय पोलीस संघटनेच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातून विनामूल्य मिळतात.

खात्यातून रक्कम गेली असल्यास बँकेस व १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तात्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जात असतानाच ती गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर दायित्व राहू नये, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिले. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान मात्र, बँकेस कळवीपर्यंत, त्यानेच सोसावे अशी तरतूद त्यांत होती.

कायदा व संस्था : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणक विषाणूची व्याख्या दिली असून, धारकाच्या परवानगीवाचून संगणकात विषाणू घालणाऱ्यावर नुकसानभरपाईचे दायित्व ठेवले आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटबुद्धीने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २००८ च्या सुधारणेने सायबर दहशतवाद हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. देशातील संगणक-सुरक्षाविषयक घटनांची दखल घेणारे ‘सर्ट-इन’ हे केंद्रीय पथक २००४ पासून कार्य करीत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच्या अखत्यारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू झाले व त्यामार्फत बाधित संगणकांच्या शुद्धीकरणाची साधने नागरिकांना विनामूल्य देण्यात आली. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय यंत्रणा व कंपन्या यांना अशा घटनांची माहिती सहा तासांच्या आत या पथकास देणे बंधनकारक करण्यात आले.

मर्यादा : कोणतीही एक आज्ञावली संपूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. बहुतेक संसर्गांत यंत्रातील त्रुटीइतकाच माणसाच्या घाईचा, भीतीचा किंवा मोहाचा वाटा असतो. सामायिक यंत्रांबाबत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण तेथे दक्षता घेणारा व नुकसान सोसणारा या दोन भिन्न व्यक्ती असतात. म्हणून सेवा केंद्रचालक, ग्रामपंचायत कर्मचारी व दुकानदार यांचे प्रशिक्षण, यंत्रांच्या देखभालीसाठी नियमित तरतूद आणि आपल्या कागदपत्रांच्या प्रती यंत्रावरून पुसल्या गेल्या की नाहीत हे विचारण्याची नागरिकांची सवय, या तिन्ही गोष्टींची जोड तांत्रिक उपायांना द्यावी लागते.